सुतकातला मासा

बाईंच्या घरी मासे साफ करायची जागा मागच्या दारी, माडाच्या आळ्याशी होती. दोन हजार चार-पाचच्या सुमाराचे ते नऊ दिवस मी तिथं रोज बसले. विळी पायाखाली, समोर बांगडे, आणि डोक्यात एकच भीती, की आज माझ्या तोंडून निसटणार आणि बाई मरणार.

मी मूळची सांगोल्याकडची. चौथीतून शाळा सुटली. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर देवगड तालुक्यात चिऱ्याच्या खाणीवर कामाला आले. नवरा एक दिवस निघून गेला तो परतलाच नाही. तेव्हा जामसंड्यातल्या या निवृत्त शिक्षिकेनं मला घरात घेतलं. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही म्हणायला लागले. कामाला ठेवलं खरं, पण दुपारी भांडी झाली की माझ्यापुढं वही ठेवायच्या. आज मी हे चार शब्द लिहिते आहे ते त्या दुपारींमुळं. माझ्या आईनंतर मला कुणी जीव लावला असेल तर तो बाईंनी. म्हणून तर ती भीती एवढी मोठी होती.

बाईंना दोन मुलगे. थोरला मुंबईला असायचा, एकटाच, लग्न केलेलं नव्हतं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. धाकटा घरातच, सरकारी नोकरीत. त्याला मी दादा म्हणायचे, त्याच्या बायकोला वहिनी. बाईंना आदल्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता.

एका गुरुवारी थोरला मुलगा कामावरच कोसळला आणि गेला. बातमी दादांच्या ऑफिसात आली. दादा दुपारीच घरी आले, मला मागच्या दारी बोलावलं.

"आवशीक ह्या कळता नये," ते म्हणाले. "डॉक्टरान सांगल्यान आसा, धक्को बसलो तर ती रवाची नाय. मी तिका सांगतंय, ट्रेनिंगाक ओरोसाक जातंय म्हणान."

"पण दादा, सुतक?"

"आमका आसा. तू भायली, तुका नाय. देवाकडे दिवो तू लाव. आणि नुस्ता बंद करू नको. ताटात मासो दिसलो नाय तर ती इचारतली."

दादा मुंबईला गेले. वहिनी देवघराकडं फिरकेनात, मासळीला शिवेनात. राहिले मी. ज्या आईच्या पोराला अजून अग्नीही मिळाला नव्हता, तिच्यासाठी मी त्या संध्याकाळी बांगड्याचं तिखलं केलं. त्रिफळं घातली, वास घरभर सुटला. बाई पोटभर जेवल्या.

गाव लहान. दुसऱ्या दिवशी मासे विकणारी मावशी टोपली उतरवून माझ्याकडं बघतच राहिली. "गो, सुतकाच्या घरात नुस्ता घेतस?"

"हळू बोला मावशी. बाई आत हायेत."

"मी हळू बोलान. पण देव काय बहिरो आसा?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं चार ताजे बांगडे पानावर ठेवले आणि पदर तोंडाला लावून गेली.

बाईंना एकटीनं जेवायला आवडायचं नाही. मला समोर बसवायच्या. "घाटावरची तू, पयल्या दिवशी बांगडो बघून पळालंस. आता माझ्यापेक्षा बरे काटे काढतस," म्हणून हसायच्या. मी हसायचे. आणि ताटातले काटे वेगळे करत बसायचे.

"सून मासो कित्या खायना नाय गो?"

"वहिनींचा उपास हाय."

"इतके दिवस? नवरात्र आसा काय?"

रविवारी फोन आला नाही. फोनची वायर दादांनीच जाताना काढून ठेवली होती. लाइन बिघडली, असं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मगे बूथावर जा आणि तू लाव त्याका. सांग, आवशीन तुझ्यासाठी सुकी सुंगटां भरून ठेवलीहत."

मी गेले. बूथच्या बाहेर उभी राहिले. नंबरची चिठ्ठी हातात घामानं भिजली. थोड्या वेळानं परत आले आणि म्हणाले, "लागत न्हाई बाई." त्यांनी सुक्या कोळंबीचा तो डबा फळीवरून काढला, झाकण घट्ट लावलं, परत ठेवला.

त्या दिवसापासून छातीवर चिरा ठेवल्यासारखं व्हायला लागलं. खाणीत मी चिरे वाहिले आहेत, ते ओझं मला ठाऊक आहे. पण चिरा डोक्यावरून उतरवता येतो. हा उतरेना. रात्री बाईंचा श्वास चालू आहे ना, हे उठून उठून बघायचे.

नवव्या दिवशी सकाळी मी सुरमईचे तुकडे धूत होते. छातीत अशी कळ आली की हात तसाच पाण्यात राहिला. डावा खांदा, जबडा, सगळं धरलं. वहिनींनी मला रिक्षात घालून देवगडच्या एका दवाखान्यात नेलं. कुडाळहून हृदयाचे डॉक्टर तिथं आठवड्यातून एकदा मशीन घेऊन यायचे, नेमका त्यांचा वार होता. म्हणून वाचले, असं मी मानते. ईसीजीची पट्टी काढली, छातीवर मशीन फिरवलं. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

"झटक्यासारखंच दिसतंय, पण नळी बंद झाल्यासारखं हृदय दिसत नाही. हृदयाचं टोक फुगून बसलंय," ते म्हणाले. "फार मोठा धक्का किंवा ताण असला की असं होतं. बहुतेकांचं पुढं सुधारतं. काय झालंय घरी?"

"काय न्हाई," मी म्हणाले. डॉक्टरांनाही सांगवेना.

आमची चूक पुढं झाली. मुलगा गेल्याचं बाईंपासून लपवलं; पण कामवाली आजारी पडल्याचं त्यांच्यापासून लपवावं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वहिनींनी घरी जाऊन सहज सांगितलं. दुपारी बाई दवाखान्याच्या पायऱ्या चढून माझ्या खाटेशी उभ्या. हातात पेजेचा डबा. मागून वहिनी रडकुंडीला येऊन, "आई, बसा, आई, दमाल."

बाईंनी माझ्या छातीवर हात ठेवला. "तुझ्या वयात ह्या दुखणा? काय गिळून बसलंस गो?"

मला वाटलं, आता बोलले नाही तर मी मरेन आणि बोलले तर बाई. खरं सांगते, त्या क्षणी मी त्यांचा विचार केला नाही. माझा केला. "बाई, थोरले दादा गेले," मी म्हणाले. "गुरुवारी. नऊ दिस झाले."

त्या खाली पडल्या नाहीत. वहिनींनी डॉक्टरांना हाक मारली, नर्स धावली. बाईंनी सगळ्यांना हातानं थांबवलं. मग मला विचारलं, "गुरुवारी मी काय जेवलंय?"

"बांगड्याचं तिखलं."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "म्हणजे माझ्या झिलाच्या सुतकाचो माझ्या वाट्याक एकच दिवस."

तेरावं उरकून दादा आले ते माझ्यावर ओरडलेच. "तू कोण सांगणारी? तिका काय झाला असता तर?"

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ती भायली म्हणान तिका मासो रांदूक लावलास. भायल्या माणसाक काळीज नसता रे?"

माझं हृदय महिना-दीड महिन्यात ठीक झालं, डॉक्टरांनी तसं सांगितलं. बाई पुढं चार वर्षं जगल्या. नीट सांगितलं असतं तर किती जगल्या असत्या, की मुळीच जगल्या नसत्या, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. वर्षभर त्यांनी मासा खाल्ला नाही. वर्षश्राद्धानंतर खाऊ लागल्या, पण पहिला घास उचलला की हात तसाच धरायच्या आणि माझ्याकडं बघायच्या.

"सगळी बरी आसत मां?"

घरात सगळे बरेच असायचे. मी "व्हय बाई" म्हणेपर्यंत तो घास तोंडात जायचा नाही.