जावा सोडून पायथन

नकाशात गावाचा देवच हद्दीबाहेर गेला होता. नकाशा सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा. म्हणजे गावानं पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं जंगल, कागदावर. सुनावणी पंधरा दिवसांवर आली होती.

एटापल्ली तालुक्यातल्या बारा गावांच्या एका संघटनेत मी कॉम्प्युटरचं काम करते. गावकरी हद्दीवरून चालतात, मोबाईलचं जीपीएस दर काही सेकंदांनी एक ठिपका नोंदवतं, ठिपके जोडले की हद्द. इथे ठिपके मध्येच थांबले होते आणि बरेच पुढे सुरू झाले होते. सॉफ्टवेअरनं सरळ रेघ ओढून मधलं जंगल कापलं होतं.

चालणाऱ्यांत पुढे देवूभाऊ होते.

"भाऊ, मोबाईल काऊन बंद केला?"

"देवाच्या जागी घंटी वाजली तं? चप्पलही काढतो आम्ही. इथलीच ना तू, तुले माहीत नाई?"

संघटनेच्या ताई म्हणाल्या, "बाराही गावांत असंच झालं असंल. शोध."

हजारो ठिपके. डोळ्यांनी शक्य नव्हतं. प्रोग्राम हवा होता, आणि आमच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा लागते. मी शिकत होते जावा. नागपूरच्या एका मोफत बॅचची परीक्षा त्याच पंधरवड्यात होती आणि त्या बॅचमधून पुण्याच्या कंपन्या पोरं उचलत. मला पुणं हवं होतं. गळ्यात आयकार्ड, न जाणारी वीज, काचेपलीकडे शहर. हे लिहायची मला लाज वाटत नाही. आमच्या डोंगरातलं लोखंड ट्रकनं बाहेर जातं, मग मीच काऊन जाऊ नये?

"ताई, माझी परीक्षा आहे."

"दे की. सुनावणीत देव कोण दाखवंल, तेवढं सांगून जा."

राग आला. ताईंचा कमी, व्यवस्थेचा जास्त. जंगल राखणाऱ्यांनीच पुरावा द्यायचा, तोही अक्षांश-रेखांशात.

आठ दिवसांत कामापुरती पायथन शिकले. प्रोग्राम छोटासा होता. दोन ठिपक्यांमध्ये पाच मिनिटांहून जास्त वेळ गेला की तिथे लाल खूण. सात गावांत खुणा उमटल्या. सातही ठिकाणी देव. लोक पुन्हा चालले, देवाच्या जागेला बाहेरून वळसा घालून, मोबाईलचा फक्त आवाज बंद करून.

नकाशे मंजूर झाले. परीक्षा बुडाली. सोबत अभ्यास करणारी मैत्रीण आता हिंजवडीत असते. तिच्या ऑफिसच्या खिडकीचे फोटो मी बोटांनी मोठे करून बघते.

कोणती भाषा शिकली की नोकरी लागते, असं कॉलेजची पोरं मला विचारतात. बाजाराचं यूट्यूबवर सगळेच सांगतात. मी विचारते, तुले राहायचं कुठी आहे? मला तेव्हा हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पुणं म्हटलं असतं.