भाविकाच्या कामावर निशांतचं नाव

जासईच्या नाक्यावर बातमी होती की गोटीरामची भाविका महाप्याच्या ऑफिसात नुसती एसी खाते, एक ओळ लिहीत नाही, म्हणून तिला पर्मनंट करत नाहीत. सांगणारे तर तिची खुर्चीवरची जांभईसुद्धा करून दाखवायचे.

सगळं खोटं. न्हावा शेव्याच्या यार्डात कुठला कंटेनर, म्हणजे तिच्या भाषेत डबा, कुठे ठेवलाय हे सांगणारा प्रोग्राम दुरुस्त करण्यात ती मान मोडून राबत होती. तिचा लॅपटॉप म्हातारा, म्हणून ऑफिसनं क्लाउडवरची वर्कस्पेस दिलेली. ब्राउजर उघडला की दुसरीकडचं दणकट मशीन हजर. ती वर्कस्पेस आधी टीममधला निशांत वापरायचा, आणि कोणी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या सेटिंगमध्ये त्याचंच नाव राहिलं होतं. लॉगिन आपलं म्हणजे नावही आपलंच, असं धरून भाविका रोजचं काम कमिट करत, म्हणजे नोंदवत गेली. टीमच्या सामाईक साठ्यात, रेपोत, प्रत्येक कमिटवर नाव पडलं निशांतचं.

पर्मनंट करायची वेळ आली तेव्हा टीमच्या प्रमुख क्षिप्रा मॅडमनी कमिटची यादी उघडली. ‘‘भाविका, तुझं इथे काहीच दिसत नाहीये गं. सगळं निशांतच्या नावावर.’’

घरी आई यशोदाबाई गावदेवीला नारळ बोलून बसलेली. इथे शेजारच्या खुर्चीत निशांत मोबाइलमध्ये मान खुपसून. तो बोलेल म्हणून ती थांबली. तो स्क्रीनवर अंगठा फिरवत राहिला.

‘‘मॅडम, कमिटखाली काय लिहिलंय तेवढं वाचा,’’ ती कशीबशी म्हणाली.

मॅडमनी वाचलं, सगळं आगरी बोलीत. ‘एकच डबा दोनदा मोजीत होता. आता नाय मोजनार.’ खाली आणखी एक: ‘सायेब बोलले म्हून केला. मना पटला नाय.’

‘‘निशांत, हे तू लिहिलंस?’’

‘‘ॲक्च्युअली मॅम,’’ नेरुळचा निशांत घसा साफ करत म्हणाला, ‘‘ती लोकल टर्म आहे.’’

मॅडम हसल्या नाहीत. भाविका पर्मनंट झाली. पण जुनी कमिट्स निशांतच्याच नावावर राहिली. ती बदलायला गेलं तर सगळ्या टीमची कामं एकमेकांत अडकतील म्हणे. वर ताकीद मिळाली, यापुढे इंग्रजीत लिहायचं. घरी पेढे वाटले गेले, तेव्हा ती पाटावर बसून नखं कुरतडत होती. भाऊ मिथुन म्हणाला, ‘‘दुसऱ्याच्या होरीत मासली टाकीत बसलीस ना?’’

शेजारघरून पेढा खायला मीही तिथेच. तिचा तो चेहरा बघून मी तिच्याशीच भुर्जीपावाची पैज लावली: आता घाबरून इंग्रजीच लिहिणार. सोमवारी तिनं मला स्क्रीन दाखवली. नाव भाविकाचं आणि खाली ओळ:

‘नाव बदलला. आता घोल झाला तर तो पन माजाच.’

भुर्जी तिनं डबल अंड्याची मागवली.