चौथ्या वर्षी बाद झालेलं गुरुत्वाकर्षण

विश्व फुगतंय, आणि फुगण्याचा वेग वाढतोय. त्यासाठी बहुतेक जण एक न दिसणारी ऊर्जा मानतात. पीएचडीत मी ती ऊर्जा न मानता गुरुत्वाकर्षणाचाच नियम बदलून पाहत होते. प्रचंड अंतरावर ते निराळं वागत असेल तर? चार वर्षं हेच काम. गणित जुळत होतं. फक्त त्यात गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशापेक्षा किंचित कमी यायचा. तो इतक्यात मोजता येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

तो मोजला गेला. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले होते. त्यांच्या लहरी आणि प्रकाश तेरा कोटी वर्षं प्रवास करून दोन सेकंदांच्या आत पाठोपाठ पोचले, म्हणजे दोघांचा वेग सारखाच. माझ्या गाइड सरांचा मेल दुपारी आला, एका ओळीचा: आपलं मॉडेल गेलं. थेरगावच्या घरी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. उरलेले घातले, चिमटे लावले. रडू येईल म्हणून थोडा वेळ थांबले. आलं नाही.

साडेचारला माझे वडील, अप्पा, पहिली शिफ्ट करून आले. लातूर सोडल्यापासून ते चाकणच्या एका कंपनीत तयार पार्ट तपासायचे.

"माझा सिद्धांत चुकला, अप्पा," चहा देताना मी म्हटलं.

"कुणी सांगितलं?"

"मोजल्यावर कळलं."

"मोजणारं यंत्र बरोबर होतं का?"

"हो. बऱ्याच ठिकाणी तपासलंय."

त्यांनी बशीत चहा ओतला. दोन घोट घेतले. मग म्हणाले, "पार्ट कशामुळं रिजेक्ट झाला, ते आमी लिहून ठेवतो. तू लिहिलंस का?"

मी लिहिलं. शेवटचं प्रकरण, माझा सिद्धांत का टिकत नाही यावर. आठ महिने लागले. दुसऱ्या कुणाचं तरी काम उतरवून काढावं तसं ते लिहून झालं. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांना तेच प्रकरण सगळ्यांत आवडलं. मी थँक्यू म्हटलं.

ही परीक्षा ऐकायला अप्पा रजा टाकून आले होते. मागच्या रांगेत इस्त्री केलेला शर्ट घालून बसले होते. परतताना बसमध्ये त्यांनी विचारलं, "मंग आता हे का फुगतंय म्हणायचं?"

"माहीत नाही."

"कुणालाच?"

"अजून तरी कुणालाच नाही."

त्यांनी मान हलवली. डांगे चौकात उतरून आम्ही मेथीची जुडी घेतली. पुढच्या महिन्यात मी वाकडच्या एका कंपनीत गाड्यांच्या सेन्सरचा डेटा तपासायला लागले.