कुंदाताई आणि मेणातला तुकडा

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावर वाकलेलो होतो. शेलार गावाहून त्यांची भाची बोलत होती. सकाळी चहा घेतला, पेपर चाळला आणि खुर्चीतच... तिला धीर द्यायचं सोडून मी भलतंच बोललो. म्हणालो, अगं, आज मीच त्यांना फोन करणार होतो, एक गंमत सांगायची होती. निवृत्त झाल्यावरही त्या आठवड्याला एक फोन करायच्या आणि तब्येत वगैरे न विचारता थेट म्हणायच्या, ‘नवीन काय दिसलं?’ त्या जाऊन आता पाच आठवडे झाले. शांतपणे दोन शब्द लिहावेत म्हणून बसलो, पण या बाईंची आठवण आली की मला गंभीर राहताच येत नाही. त्यांचं ते हुरूपाने भरलेलं धावणं अजून माझ्या अंगात चढतं.

आमच्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात त्या टेक्निशियन होत्या. शस्त्रक्रियेत किंवा शवविच्छेदनात काढलेला शरीराचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवायचा, मग मेणात बसवून त्याचा अंगठ्याएवढा ठोकळा करायचा आणि त्या ठोकळ्याचे कागदाहून कितीतरी पातळ काप काचेवर चढवायचे, हे त्यांचं काम. काचेवरचं बघून निदान लिहायचं, हे माझं. त्यांच्या घराच्या दोन्ही बाजूंना कापडाचे लूम चालायचे, त्यामुळे आवाज तसाच घडलेला. त्या कुजबुजल्या तरी बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटना ऐकू जायचं. एखादा काप सुरेख निघाला की समोरचा कोण, केवढा हे न बघता दंडाला धरून सूक्ष्मदर्शकाकडे ओढत न्यायच्या. मी नवा होतो तेव्हा मला याचा संकोच वाटे. पुढे मी वाट बघू लागलो.

मला सांगायचंय ते बाळाराम आणि हिराचं. दोघांचीही नावं बदलली आहेत. बाळाराम दिघाशी गावचा, पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये माल चढवायच्या कामाला. चांगला धट्टाकट्टा माणूस. एके दिवशी त्याच्या पायांतलं बळ गेलं, मग हातांतलं, मग घास गिळेना, आणि आठवड्याच्या आत तो गेला. आजारी पडायच्या आदल्या दिवशी नवराबायकोचं भांडण झालं होतं आणि त्यानंतर तो हिराच्या हातचं कालवण जेवला होता. घरच्यांना तेवढं पुरलं. पोलीस आले, शवविच्छेदन झालं. विष सापडलं नाही. मेंदूच्या देठाचा तुकडा आमच्याकडे आला, त्यात मला थोडी सूज दिसली, पण ती कशाचीही असू शकत होती. ‘निश्चित कारण सांगता येत नाही’ असं लिहून मी पुढच्या कामाला लागलो. त्या एका वाक्याचं दिघाशीत काय झालं, ते मला चार वर्षांनी कळलं. विष सापडलं नाही याचा अर्थ घरच्यांनी असा लावला की हिने सापडणार नाही असं विष घातलं. हिराने रांधलेलं घरात कोणी खात नव्हतं. तिची चूल वेगळी, पाण्याचा हंडाही वेगळा.

ती वर्षातून एकदा रुग्णालयात यायची, काही कागद मिळतो का बघायला. या खिडकीतून त्या खिडकीत पाठवली जायची. चौथ्या वर्षी चुकून आमच्या दारात आली आणि कुंदाताईंनी तिला आत घेतलं. चहा दिला. मग सहज विचारावं तसं विचारलं की तो जायच्या आधी दोन-तीन महिने काय काय करत होता. हिरा सांगत गेली. गोडाऊनच्या माल चढवायच्या उताराखाली कुत्री व्यालेली, त्यातल्या एका पिल्लाला बाळाराम रोज चपाती घालायचा. एकदा त्याच्या बोटाला पिल्लाचा दात लागला. एवढंसं रक्त आलं, त्याने हळद दाबली. चार दिवसांनी पिल्लू मेलं म्हणून तो हळहळला होता.

“मग हे डॉक्टरला का नाही सांगितलंस?” कुंदाताईंनी विचारलं.

“मना कोनी इचारलाच न्हाय,” हिरा म्हणाली.

कुत्रं चावलं होतं का, हे डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं. बाळारामच्या भावाला विचारलं होतं. भाऊ नाही म्हणाला, कारण त्याला माहीतच नव्हतं. माहीत होतं ते एका बाईला, आणि तिच्यावरच संशय म्हणून तिच्याशी कोणी बोलत नव्हतं.

कुंदाताई माझ्या खोलीत आल्या त्या जवळजवळ पळतच. रेबीजमध्ये नुसतेच हातपाय लुळे पडतात, पाण्याची भीती वगैरे काही दिसत नाही, असंही होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी कां-कूं केलं. इतक्या वर्षांनी, एका सांगण्यावरून... त्या एवढंच म्हणाल्या, “डॉक्टर, ठोकळा हाय ना आपल्याकडे?”

होता का, हेच कळत नव्हतं. जागेअभावी जुने ठोकळे काढून टाकायचं पत्र आलं होतं आणि कुंदाताई आज करू, उद्या करू म्हणत ते लांबवत होत्या. तीन दुपारी आम्ही कपाटं उपसली. काही खणांतले ठोकळे उन्हाळ्याने मऊ पडून एकमेकांना चिकटलेले. तिसऱ्या दिवशी ठोकळा मिळाला, पण आत तुकडा अगदी नखाएवढा उरलेला. पोलिसांचं पत्र, वरिष्ठांची परवानगी, सगळं झालं. एका मोठ्या प्रयोगशाळेने तपासायचं कबूल केलं. फॉर्मालिनने विषाणू मरतो, पण त्याच्या खुणा पेशीत राहतात. फक्त त्या खुणांनाच चिकटणारं एक द्रव्य कापावर सोडतात, आणि जिथे ते चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटतो. काप मात्र आम्हालाच काढायचे होते, आणि चुकले तर पुन्हा काढायला काही नव्हतं. त्या दिवशी कुंदाताई पहिल्यांदाच गप्प होत्या. यंत्राचं पातं बदललं, ठोकळा बर्फावर ठेवला, श्वास रोखून चाक फिरवलं. कापांची पट्टी कोमट पाण्यावर अलगद पसरली, एक सुरकुती नाही. तेव्हा कुठे त्या खाली बसल्या.

रंगवलेली काच परत आली, सोबत अहवाल. मी अहवाल उघडलाच नाही, आधी काच लावली. निळसर पेशी, आणि त्यांत तपकिरी ठिपके. एक नाही, दोन नाही, जिकडे बघावं तिकडे! मी बाजूला झालो. कुंदाताई खूप वेळ बघत राहिल्या आणि डोळे न उचलता हळू म्हणाल्या, “इथंच व्हता हा, चार वर्षं. आपल्या कपाटात.”

अहवाल घेऊन आम्ही दोघं दिघाशीला गेलो. मी पेशी, विषाणू असं बोलत राहिलो आणि सगळे माझ्याकडे कोरं बघत राहिले. दीर म्हणाला, कागदावर काय पण लिहितात. शेवटी सासूने कुंदाताईंनाच विचारलं, “इख न्हवता?”

“इख न्हवता, आये. कुत्र्याचा रोग व्हता. पोरीने काय केला न्हाय.”

म्हातारी आत वळून म्हणाली, “चाय ठेव गो, हिरा.” चहा आला. सासूने बशीत ओतला आणि प्यायली. हिरा दाराशी उभी राहून बघत होती. मला वाटलं होतं ती रडेल, निदान हसेल. ती म्हणाली, “कागद मना द्या. यांना नको.” तो कागद घेऊन महिन्याभरात तिने दिघाशी सोडलं. आता पूर्णाला गोडाऊनवाल्यांना डबे देते. तिच्या हातचं तीसेक माणसं रोज जेवतात. कुणाला कुत्र्याचा नुसता ओरखडा उठला तरी त्याला इंजेक्शनला पाठवल्याशिवाय ती डबा देत नाही.

त्या दिवशी दिघाशीहून परत येताना कुंदाताईंना गप्प बसवेना. त्यांनी सगळी हकीकत रिक्षावाल्याला हिंदीत सांगितली, पिल्लापासून बशीतल्या चहापर्यंत. त्याने मध्येच रिक्षा कडेला घेतली आणि वळून ऐकत बसला. मी मात्र माझ्या त्या चार वर्षांपूर्वीच्या वाक्याचा विचार करत होतो. कुंदाताईंनी त्यावरून मला कधी एक शब्द ऐकवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच केलं. शवविच्छेदनाचे नमुने ज्या फॉर्मसोबत येतात, त्याच्या तळाशी पेनाने एक ओळ लिहिली आणि खाली उत्तरासाठी रेघ मारली: ‘घरातल्या बाईला वेगळं बसवून विचारलं का?’ त्या फॉर्मच्या झेरॉक्स निघत गेल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या. अक्षर फिकं झालंय, पण त्यांचंच आहे. गेल्या आठवड्यात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरबाईंनी एका नमुन्याचा फॉर्म दाखवून विचारलं, ही कसली ओळ, दुसरीकडे तर नसते. मी म्हटलं, आधी त्या घरातल्या बाईला विचारून या, मग सांगतो. तासाभराने त्या परतल्या. रेघ पुरली नव्हती, त्यांनी मागचं पानही भरून आणलं होतं.