मधला फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापाशी एरवी माझ्या पोटात काही राहत नाही.

मंगळवेढ्याची काळी रानं पाहिलीत कधी? ज्वारी निसवली की माणूस आत शिरल्यावर दिसेनासा होतो. वर नुसती कणसं हलतात, पाखरं उठतात, पुन्हा बसतात. मला ते रान अजून स्वप्नात दिसतं. हातात फोन धरून मी चालतोय, चालतोय — आणि कसलीच घाई नाही.

सुजाता माझी कॉलेजातली मैत्रीण. सोलापुरात आम्ही दोघं एका ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करायचो — पगार नाही, मालक नाही, कोड साऱ्या जगाला उघडा. टॉवर नसेल तिथं एका फोननं दुसऱ्याकडे, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे निरोप पोचवायचा. माणसं चालत असतात, त्यामुळे वाट सारखी मोडते. ती पुन्हा जोडायची सुजाताची स्वतःची पद्धत होती. माझीही एक होती. तिची जास्त चांगली होती — हे मला कळत होतं, आणि खुपत होतं.

तिच्या पद्धतीची चाचणी मंगळवेढ्याला, तिच्या मामांच्या रानात. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मामा, मध्ये फिरता मी. दिवस कलला तरी एकही निरोप पोचला नाही. मामा बांधावरून हाक द्यायचे, "न्हाय आलं गं पोरी, अजून न्हाय."

परतीच्या एसटीत मी फोन पाहिला. बॅटरी वाचावी म्हणून आदल्या दिवशी मी एक सेटिंग बदललं होतं — दुसऱ्यांचे निरोप पुढे द्यायचे नाहीत. ते तसंच राहिलेलं. माझा फोन दिवसभर दोन्ही बाजूंना 'मी आहे, मी आहे' सांगत होता, आणि आलेला निरोप गिळत होता. विसरलो होतो मी — खरंच विसरलो होतो. पण तेवढ्यात शेजारी बसलेल्या सुजातानं विचारलं, "तुझा फोन नीट होता ना रे?"

मी म्हणालो, "हो."

त्यानंतर कितीतरी महिने ती स्वतःच्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत राहिली. शेवटी सगळ्यांसमोर आपली पद्धत मागे घेतली आणि हे कामच सोडलं. तिच्या जागी माझी पद्धत गेली. लोकांनी कौतुक केलं, ते मी घेतलं. का नाही बोललो? घाबरलो म्हणू? तसं म्हटलं की जरा बरं दिसतं. खरं म्हणजे — ती हरायला हवी होती मला.

अशा प्रोजेक्टमध्ये जुना कोड पुसला जात नाही. गेल्या वर्षी मी तिचा काढला. तळ्याकाठी दोन टोकांना दोन फोन ठेवले, तिसरा घेऊन मध्ये फिरलो. पाण्यावर धुकं होतं, सगळं कसं लांबचं वाटत होतं. निरोप पहिल्याच फेरीत पोचला. मी बाकावर बसून तिचा नंबर काढला. बराच वेळ तो बघत बसलो, आणि फोन खिशात टाकला.

ती आता अक्कलकोटला शाळेत शिकवते. परवा एका लग्नात भेटली. नवऱ्याशी माझी ओळख करून देताना हसत म्हणाली, "माझंच चुकलेलं सगळं. पण हा बिचारा माझ्यासाठी दिवसभर उन्हात हिंडला की."

मीही हसलो.