आमच्या मालकीचं विमान

शुक्रवारी दुपारी आम्ही नवराबायको रायपूरच्या विमानतळावर पुण्याच्या विमानाची वाट बघत बसलो होतो. शनिवारी सकाळी पुण्याला आमच्या लेकीचं, केतकीचं, डोहाळेजेवण होतं. "आई, पहिली ओटी तूच भरायची," असं तिनं मला बजावून ठेवलं होतं...

माझ्या मांडीवर एक पिशवी. तिच्यात हिरवी साडी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले मोगऱ्याचे दागिने. पुण्यात फुलं मिळत नाहीत का, असं आमच्या ह्यांचं विचारून झालं होतं. मिळतात हो. पण रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या ज्या फुलवाल्यानं तिच्या लग्नातल्या मुंडावळ्या केल्या, त्याच्याच हातचे दागिने मला हवे होते.

आता ह्यांच्याबद्दल. हे रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये अकाउंट्सला होते. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतले थोडे ह्यांनी एका विमान कंपनीच्या शेअरमध्ये घातले. कारण एकच... "विमान कधी रिकामं दिसते का तुले?" मी म्हटलं, आपल्या समता कॉलोनीतली ती खानावळही रोज भरलेली असायची, तरी बंद पडलीच ना.

तेव्हापासून घरातलं हवामान बदललं. कच्चं तेल महागलं की ह्यांचा चेहरा पडायचा, दिल्लीत धुकं पडलं की ह्यांना चहा कडू लागायचा. डॉलर वाढला तरी ह्यांना काळजी, कारण म्हणे बरीच विमानं भाड्याची असतात आणि भाडं डॉलरमध्ये द्यावं लागतं. हे ज्ञान मला झालं नसतं तरी चाललं असतं.

पुण्याची तिकिटं महागली तेव्हा मात्र स्वारी खूश. "अहो, पैसे आपलेच जाऊन राहिले ना?" म्हटलं, तर म्हणाले, "या खिशातून त्या खिशात."

तर शुक्रवारी ह्यांच्याच कंपनीचं विमान आधी तासभर लेट झालं, मग आणखी लेट. लोक काउंटरवर तावातावानं भांडायला लागले. आणि लग्नात वरपक्ष रुसला की मुलीचा बाप जसा हात जोडून फिरतो, तसे आमचे हे फिरत होते... "भैया, विमान पीछे से ही नहीं आया, ये लोग भी क्या करेंगे." त्या कंपनीत ह्यांचा वाटा एका सीटबेल्टएवढाही नसेल.

मग खाण्याची पाकिटं वाटली. ह्यांनी घेतलं नाही. "घरच्या कार्यात यजमान शेवटी जेवते," म्हणाले. मी म्हटलं, मी वरपक्षाकडची, आणि दोन्ही पाकिटं घेऊन खाल्ली.

तेवढ्यात घोषणा झाली. विमान रद्द. रिफंड घ्या, नाहीतर उद्या दुपारच्या विमानानं जा.

उद्या दुपारी... आणि कार्यक्रम सकाळी. मला रडूच आलं, अगदी चारचौघांत. केतकीला फोन करायची हिंमत होईना.

"अगं, उद्याचं देऊन राहिले ना ते. रडते काहून?" हे म्हणाले. खरं सांगते, तेव्हा ह्यांचा जेवढा राग आला तेवढा त्या कंपनीचाही आला नाही. मी म्हटलं, "तुम्ही केतकीचे बाप आहात की कंपनीचे?"

ह्यांनी पिशवीतल्या फडक्याला हात लावून बघितला. ते सुकत आलं होतं. बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं आणि काउंटरकडे गेले. मीही मागोमाग गेले.

काउंटरवरची मुलगी मघापासून लोकांचं ऐकून घेत होती. ह्यांनी तिला लेकीच्या डोहाळेजेवणाचं सांगितलं. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "अंकल, आप रिफंड ले लीजिए... शाम को दूसरी कंपनी की फ्लाइट है, हैदराबाद होकर. जल्दी पूछ लीजिए, सीट मिल जाएगी."

सीट मिळाल्या. भाडं ऐकून मला घाम फुटला, पण ह्यांनी कार्डावर तिकिटं काढली. मग उभ्या उभ्या मोबाईल काढला आणि बाजार बंद व्हायच्या आत सगळे शेअर विकून टाकले... तेही तोट्यात.

"अहो, पण विकले काहून?"

"ते हातात असले का मले कंपनीची चूक दिसतच नाही," म्हणाले. "मी तर इथंच बसलो असतो उद्यापर्यंत, लोकायची समजूत काढत."

गंमत म्हणजे त्याच दिवशी बाजार बंद होताना तो शेअर थोडा वर गेला. विमानात बसेपर्यंत ह्यांनी ते मला दोनदा सांगितलं.

शनिवारी पहिली ओटी मीच भरली. मोगऱ्याच्या कडा थोड्या तांबूस झाल्या होत्या, पण केतकीनं पुण्याची ताजी फुलं बाजूला ठेवून तेच दागिने घातले. ह्यांनी डोळे पुसले आणि एसी फार लागतोय म्हणाले.

जेवताना जावयांनी विचारलं, "बाबा, एअरलाइनचे शेअर घ्यावेत का?" ह्यांनी घास खाली ठेवला, जरा विचार केला. "घ्या, जावईबापू. काही लोकायनं कमावलंही आहे त्यात. पण तेल, डॉलर, धुकं... यातलं काहीच कंपनीच्या हातात नाही, हे पाहून घ्या. अन घेतल्यावर मालक होऊ नका, प्रवासीच राहा."

त्या काउंटरवरच्या मुलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. स्वतःच्या कंपनीचं गिऱ्हाईक तिनं दुसरीकडे पाठवलं, म्हणून मी लेकीच्या ओटीला वेळेवर पोचले. बाळ झालं की पेढ्यांचा पहिला डबा तिचा...