अण्णांच्या खोलीतली ऊब

मी दापोली सोडली तेव्हा माझ्या गाडीची घोषणा माझ्या वडिलांनीच केली. अण्णा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या लावायच्या आणि माइकवरून प्रवाशांना सांगायच्या, हे त्यांचं काम. माझ्या लग्नासाठी काढलेली रजा अजून शिल्लक होती, तरी त्या दिवशी ते ड्युटीवर गेले. घरच्या दारात उभं राहून निरोप देणं त्यांना जमलं नसतं. मुंबईची गाडी लागली, आई माझा हात सोडेना, आणि वर कर्ण्यातून अण्णांचा आवाज आला. नेहमीसारखाच, एका सुरातला. मुंबईकडे जाणारी गाडी उभी आहे, प्रवाशांनी बसून घ्यावं. मग कर्णा नुसताच खरखरत राहिला. गाडी सुटेपर्यंत अण्णा खोलीबाहेर आले नाहीत.

सासर वाराणसीचं. मंगला गौरीच्या देवळाजवळ, पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत. ही मंडळी इथे किती पिढ्यांपूर्वी आली ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. माझ्या सासूबाई, ज्यांना अख्खी गल्ली माई म्हणते, "आपण मराठीच" असं ठासून सांगायच्या. पण बोलायच्या ते असं: "सूनबाई, आधी आरामात नाश्ता कर, मग सामान लाव. परेशान नको होऊ." पहिले काही महिने मला वाटायचं, मराठी घरात येऊनही मी परभाषेतच येऊन पडले आहे. आता माझा भाऊ विनय फोनवर मला हसतो. मी धुक्याला कोहरा म्हणते, हे माझ्या लक्षातही येत नाही.

खरं तर दोन्ही शब्द मला हवेत. दापोलीचं धुकं वेगळं, ते सकाळी दरीतून वर येतं आणि चहा होईस्तोवर विरून जातं. इथला कोहरा पौषात येतो आणि मुक्कामालाच राहतो. दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. दगडी भिंतींना हात लावला तर ओल्या वाटतात, रजईत शिरलं तर तीही ओली वाटते. पहिल्या हिवाळ्यात मी कुणाला न सांगता खूप रडले होते.

विनय कॅनडाला गेला. दोन मुलं, दोघंही लांब. आई होती तोवर आम्हाला ते फारसं बोचलं नाही. आई गेली आणि अण्णा त्या घरात एकटे राहिले. सकाळी फोन लागला नाही की मी बँकेत नोकरीवर जाऊन बसायची, पण कामात लक्ष लागायचं नाही. एकदा ते मागच्या पडवीत पाय घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. तेव्हा मी त्यांना इकडे घेऊन आले. दापोलीतल्या नातेवाइकांना ते पटलं नाही. माझी चुलतबहीण मंदा तर स्पष्टच म्हणाली, "या वयात माणसाला असं मुळासकट उपटून नेतात का? तिकडची थंडी सोसणार आहे का त्यांना?"

आणि मंदाचं म्हणणं खरं ठरायची वेळ आली. पहिल्याच थंडीत अण्णांना न्यूमोनिया झाला. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, खोली सतत उबदार पाहिजे, आणि कोळशाची शेगडी मुळीच नाही, धूर त्यांच्या छातीला झेपणार नाही. तेव्हा आम्ही त्यांच्या खोलीत थंडीत गरम हवा देणारा एसी बसवला. विनयचाच आग्रह. तो फोनवर अण्णांना समजावत होता, "आमच्याकडे अख्खं घर याच्यावर चालतं. हीट पंप म्हणतात. बाहेरच्या हवेत असते नसते ती ऊब ओढून आत आणतो."

अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाले, "बाहेर ऊब आहे कुठे?"

पण यंत्र चाललं. ते खोलीत गरम हवा सोडायचं आणि अण्णा डोळे मिटून त्याच्याकडे तोंड करून बसायचे, उन्हात बसावं तसे.

त्याच थंडीत एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर खोली गार पडलेली होती. यंत्र बंद. अण्णा रजईत अंगाचं मुटकुळं करून पडले होते आणि त्यांचा श्वास भरभर चालला होता. हात बर्फासारखे. बोटाला लावायच्या छोट्या यंत्रात प्राणवायूचा आकडा कालच्यापेक्षा खाली गेला होता. माझे यजमान कामासाठी लखनौला गेलेले. घरात मी, अण्णा आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या माई.

मी रिमोटचं बटण दाबलं. एरवी यंत्र एकदा पीं करतं, तेवढंही केलं नाही. मी रिमोटचे सेल बदलले. मग जिन्याखालच्या पेटीतला एसीचा खटका बघितला, तो खाली पडला नव्हता. तरी मी तो पाडला आणि पुन्हा वर केला. काही नाही. यंत्र बसवून गेलेल्या मिस्त्रींना फोन केला तर ते सारनाथच्याही पुढे राहणारे. "दीदी, हाथ को हाथ नहीं सूझ रहा है. कोहरा छँटने दीजिए, आते हैं." कोहरा कधी विरळ होणार, हे कोण सांगणार?

मी अण्णांच्या अंगावर आणखी एक रजई टाकली, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. घरात एक जुना हीटर होता, तो लावला तर त्याची कांडी नुसती तांबूस झाली आणि तशीच मलूल राहिली. अण्णांनी डोळे उघडले. "मला दापोलीला ने गो," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही. मला ते जास्तच लागलं.

त्यांना परत इस्पितळात न्यायचं झालं तर काय, हे मनात आलं. आमच्या गल्लीत गाडी येत नाही. माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं आणि वळणावळणांनी मैदागिनच्या रस्त्यापर्यंत न्यायचं. त्या ओल्या गारठ्यात तेवढ्या वेळात त्यांचं काय झालं असतं?

मी विनयला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे त्यांची रात्र. तो पायजम्यावर स्वयंपाकघरात उभा होता. "ताई, आधी श्वास घे," तो म्हणाला. "आता मला सांग, बाहेरचं युनिट कुठे आहे? माकडांनी वायर ओढली नाही ना?"

ते गच्चीवर होतं, माकडांसाठीच लोखंडी जाळीत कोंडलेलं. मी जिना चढून वर गेले. समोर नदी आहे हे माहीत होतं म्हणून, नाहीतर जग गच्चीच्या कठड्याशीच संपलेलं. खालून कुठूनतरी नावाड्याचा खोकला ऐकू आला. जाळी जागेवर होती, कुलूप होतं. वायरीवर मी बोटं फिरवत शेवटपर्यंत गेले. कुठेही तुटलेलं नव्हतं, फक्त सगळ्यावर दव. माझी बोटं बधिर झाली. काही बिघडलेलं सापडलं असतं तर बरं, असं मला वाटलं. निदान कळलं असतं.

खाली आल्यावर विनयने मला स्टॅबिलायझरसमोर फोन धरायला लावला. भिंतीवरची ती पांढरी पेटी, येणारी वीज कमी-जास्त झाली तर यंत्राला सांभाळणारी. तिच्यावर लाल दिवा होता आणि आकडा लुकलुकत होता. विनय आकडा वाचून म्हणाला, "ताई, यंत्राला काही झालेलं नाही. तुमच्याकडे वीजच फार कमी दाबाने येते आहे. म्हणून हा स्टॅबिलायझर त्याला सुरूच होऊ देत नाहीये."

"मग सरळ बोर्डाला जोडू का?"

"अजिबात नाही. कॉम्प्रेसर जळून जाईल. मग मिस्त्री येऊनही उपयोग नाही."

"मग मी करू काय, विनय?"

समुद्रापलीकडून माझा भाऊ माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. अण्णांच्या श्वासाचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता.

दारात माई उभ्या होत्या, भिंतीला धरून. "बिजली कमी का येते?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, सगळ्या गल्लीने एकाच वेळी हीटर, गीझर, पाण्यात सोडायचे रॉड लावले असतील, म्हणून.

"एवढंच?" माई म्हणाल्या. त्या पाय ओढत गल्लीकडच्या खिडकीशी गेल्या, दोन्ही झडपा उघडल्या आणि समोरच्या घराकडे तोंड करून ओरडल्या, "ए गुड्डू क अम्मा! तनी आपन हीटर बंद कर दा! हमरे समधी जी क मसीन नाहीं चलत हौ!"

व्याह्यांसाठी त्यांना असं ओरडताना मी प्रथमच ऐकत होते. समोरची खिडकी उघडली. गुड्डूच्या आईने काय झालं ते विचारलं, आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आतच तिने मान वळवून आपल्या शेजारणीला हाक दिली. तिने पुढे. कोहऱ्यात माणसं दिसत नव्हती. नुसते आवाज एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात होते. बाबूजी की मशीन. हीटर बंद करो. रॉड निकालो. कुणीतरी नहाणीतून वैतागून ओरडलं, साबण लागलेला आहे म्हणून, आणि त्याच्या बायकोने त्याला गप्प केलं. वळणापलीकडून एक आवाज आला, "कर देहली, माई!" केलं बंद.

लुकलुकणारा आकडा वर सरकला. थांबला. पुन्हा सरकला. लाल दिवा विझला आणि पिवळा लागला, पण यंत्र गप्पच. माझा हात बटणाकडे गेला.

"हात लावू नकोस!" विनय फोनमधून ओरडला. "वीज नीट झाली तरी तो थोडा वेळ थांबतो, मगच सोडतो. तू बंद-चालू केलंस की थांबणं पुन्हा पहिल्यापासून."

मी दोन्ही हात शालीत कोंडले. ते थांबणं मला सगळ्यात जड गेलं. आता कुणाचा तरी धीर सुटेल, कुणी नकळत गीझर लावेल, आकडा पुन्हा खाली जाईल. माई खिडकीतून हटल्या नव्हत्या, जणू त्या हटल्या की गल्ली हलेल.

पेटीत खट्ट झालं. हिरवा दिवा. मी बटण दाबलं, पीं वाजलं, यंत्राची झडप उघडली, पण हवा येईना. मी रडवेली होऊन विनयकडे पाहिलं. "येईल," तो म्हणाला. "आधी आतली नळी तापवून घेतो, गार हवा अंगावर सोडत नाही. येईल, ताई."

आणि आली. आधी कोमट, मग चांगली गरम. मी अण्णांची रजई चेहऱ्यावरून खाली केली. बऱ्याच वेळाने त्यांची बोटं नरम झाली, प्राणवायूचा आकडा हळूहळू कालच्या जागी आला. विनय चष्मा काढून पुसत होता. तो एवढंच म्हणाला, "फोन ठेवू नकोस, राहू दे चालू."

गल्लीने हीटर पुन्हा लावले ते आळीपाळीने, म्हणून यंत्र बंद पडलं नाही. अण्णांनी दुपारी विचारलं, "तो एवढा आरडाओरडा कसला होता?" मी सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

उन्हाळ्यात मी त्यांना दापोलीला घेऊन गेले. मंदा भेटायला आली, त्यांची तब्येत पाहून म्हणाली, "आता नका हो जाऊ परत त्या थंडीत." ते म्हणाले, "त्या थंडीत माझ्यासाठी लोकांनी पाण्यातले रॉड काढून ठेवले, मंदा. पडवीत पडलो होतो तेव्हा इथे चांगलं ऊन होतं." मंदा वाईट नाही, आणि त्या पडवीतल्या सकाळी मीही तिथे नव्हते.

घर कुठलं, असं मला कुणी विचारलं की मी अजून अडखळते. वीज कमी येते म्हणून आम्ही अर्ज केला, लाइनमन वर बघून गेला, फरक काही नाही. पौषात रोज सकाळी अण्णा आधी विचारतात, "समोरच्यांचं पाणी तापलं का?" आणि त्यांचे रॉड निघेपर्यंत रजई ओढून वाट बघतात. मग समोरची खिडकी उघडते, कोहऱ्यातून हाक येते, "बाबूजी, अब चला लीजिए!" अण्णा हात वर करतात, आणि मी बटण दाबते.